मामांची ओपन हेराल्ड विकायची आहे, पॉलिश किती करू, पेंट करू का, आणि छताचं काय?

दांडियाबाजार_७७
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पण आता अडलंय म्हणून लिहितो. मामांची १९६६ ची स्टँडर्ड हेराल्ड आहे, दोन दारांची, ९४८ सीसी, लाल. बडोद्यातल्या जुन्या लोकांनी कदाचित पाहिली असेल, छत नसलेली. कंपनीतून ओपन आलेली नाही, मामा कॉलेजात असताना त्यांनी आणि मित्रांनी छत उतरवलं आणि सीट कव्हरवाल्याकडून रेक्झिनचा हूड शिवून घेतला. मूळ छत गच्चीवरच्या खोलीत ताडपत्रीत गुंडाळून ठेवलंय, काच पण आहे मागची.

आता वाडा बिल्डरकडे जातोय, मामा पुण्याला मुलीकडे, आणि गाडी दिवाळीच्या आत विकायची असं घरात ठरलंय. चालते, पण दिसायला भयाण झालीये. रंग खडूसारखा, हात फिरवला की लाल होतो, हूडची मागची पारदर्शक खिडकी पिवळी पडलीये आणि सीटच्या शिवणी उसवल्यात. त्यात भर म्हणजे ऑगस्ट २०२४ च्या पुरात गाडी कारेलीबागला मावशीकडे होती, तिथे दाराच्या उंबऱ्यापर्यंत पाणी आलं होतं. इंजिनात गेलं नाही पण फ्लोअर पूर्ण भिजला.

एका डिटेलिंगवाल्याने (गाडी चकाकवून देणारा) सिरॅमिक कोटिंगसकट, म्हणजे रंगावर चमकदार कडक थर देऊन, ३८ हजार सांगितले. पेंटर म्हणतो "आखी गाडी घसीने नवो कलर मारी दईए साहेब, शोरूम जेवी थई जशे". मामा म्हणतात जशी आहे तशी दे. मी मधे अडकलोय. शिवाय आरसी अजून आजोबांच्याच नावावर आहे आणि ते गेले २०११ ला. काय करू सांगा.

पॉपकॉर्नवाला
जागा पकडून ठेवतो. फोटो टाका आधी.

ग्रीसकाका
हेराल्डवर मी बरीच वर्षं हात काळे केलेत त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, नवा रंग मारू नका. विकायच्या तोंडावर रंगवलेली जुनी गाडी म्हणजे जाणकार गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारणार की खाली काय झाकलंय, आणि तुमच्या पुराच्या गाडीला तर शंभर टक्के विचारणार. तुमचा तो खडू झालेला रंग म्हणजे वरचा थर उन्हाने मेलाय, खाली रंग जिवंत असू शकतो. तेव्हाच्या रंगावर आजच्या गाड्यांसारखा क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) नसायचा, एकच थर, म्हणून फडक्याला लाल लागतो. घाबरू नका, तसंच होतं. आधी साधा धुवा, मग डिकीच्या झाकणावर वीतभर जागेवर टेप लावून हाताने फाइन पॉलिश मारून बघा. चमक आली तर पूर्ण गाडी होईल. लोखंड दिसायला लागलं तर थांबा.

रोटरी पॉलिश मशीन (नुसतं गोल फिरणारं) हातात घेऊ देऊ नका कुणाला. बॉनेटच्या कडा आणि फेंडरच्या वरची धार, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो, दोन सेकंदात प्रायमर बाहेर येतो. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन, मऊ फोम, सावलीत, पत्रा थंड असताना.

दुसरं म्हणजे चमक सोडा, खाली झोपा. हेराल्डला वेगळी चॅसिस (बॉडीखालचा सांगाडा) आहे, मधला कणा आणि त्याला बाजूने आडवे हात. ते हात आणि डिकीचा फ्लोअर, हे सडतात. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं म्हणता तर त्या पोकळ हातांत गाळ बसला असणार. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, आवाज ठण् आला पाहिजे. भस् आला तर ३८ हजार तिथे घाला, सिरॅमिकमध्ये नको.

इंदुरी_स्टॉर्म
माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे, गोव्यात बनायची ती दोन सीटची, रेनोचं ११४९ सीसी इंजिन, त्यामुळे ओपन गाडीची दुखणी माहितीयेत. माझी बॉडी फायबरची म्हणून गंजाची कटकट नाही पण जेलकोटला (फायबरवरचा गुळगुळीत थर) कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात आणि त्या कुठल्याही पॉलिशने जात नाहीत. तुमची पत्र्याची, तर एक सोप्पं काम करा. फ्रिजवरचं चुंबक घ्या, रुमालात गुंडाळा (चरे नको) आणि पूर्ण गाडीवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी. खडूने खुणा करा. विकताना तोच नकाशा गिऱ्हाईकाला दाखवा, तो खूष होतो, शप्पथ.

हूडच्या पिवळ्या खिडकीला घरातला काच पुसायचा स्प्रे लावू नका, अमोनिया असतो, पीव्हीसी आणखी धुरकट होतं. प्लास्टिक पॉलिश मिळतं ते मऊ मायक्रोफायबरने. फार पिवळी असेल तर नवीन पीव्हीसी शिवून घेणं स्वस्त पडतं. आणि दुमडलेला हूड थंडीत सकाळी सकाळी उघडू नका, कडक झालेली खिडकी घडीवर तडकते.

दांडियाबाजार_७७
@ग्रीसकाका, टोचून पाहिलं. ड्रायव्हर बाजूचा मागचा हात भस् 😐 बाकी ठण्. डिकीच्या फ्लोअरला स्टेपनीखाली दोन भोकं, अंगठ्याएवढी. डिकीच्या झाकणावर हाताने पॉलिश मारलं, अहो लाल निघालं! मामांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ते म्हणाले हा रंग मी बघितलाच नव्हता इतकी वर्षं.

कलरवाली_अकोटा
आमचं डेंटिंग-पेंटिंगचं छोटं युनिट आहे, सासऱ्यांपासून. ग्रीसकाकांशी अर्धी सहमत. पूर्ण रंगवू नका हे बरोबर, पण "अजिबात ब्रश लावू नका" हा जो शुद्धीवाद चाललाय सगळीकडे त्याचा कंटाळा आलाय. डिकीचा फ्लोअर आणि चॅसिसचा हात हे उघडं लोखंड असेल तर कापून नवा पत्रा वेल्ड करा, झिंक प्रायमर, वरून काळा चॅसिस पेंट. तिथे अंडरकोटिंगचा जाड डांबरी थर मारायला लावू नका, विकायच्या वेळी तर नाहीच, तो गंज झाकतो आणि गिऱ्हाईक नखाने खरवडून बघतं. आणि पत्रा वेल्ड करताना आत ओला फेल्ट (कार्पेटखालचा नमदा) आणि कार्पेट असेल तर आधी काढा. आमच्याकडे एका गाडीचा कार्पेट पेटला होता, फार नाही, पण धूर बघून शेजाऱ्यांनी बंबाला फोन केला.

पुराची गाडी म्हणता तर फेल्ट आजवर ठेवलाच कसा? वास येत असेल. काढा, फेका. तेवढ्या बुरशीने नवी रेक्झिनसुद्धा वास धरते. फ्लोअरला मूळ ड्रेन होल असतात त्यात रबरी बुचं असतात, ती उघडून स्वच्छ करा.

आरसी_वाचा_आधी
पॉलिश नंतर, कागद आधी. गाडी कितीही चकाकली तरी मेलेल्या माणसाच्या नावावरची आरसी घेऊन कोणी शहाणा येणार नाही.

क्रम असा. आजोबांच्या नावावरून आधी वारसाच्या नावावर, फॉर्म ३१, मृत्यू दाखला, बाकी वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रावर. मामा वारस असतील आणि मावशी, आई वगैरे असतील तर सगळ्यांच्या सह्या लागतील. हे झालं की मामांच्या नावाने विक्री, फॉर्म २९ आणि ३०. गिऱ्हाईक गुजरातबाहेरचं असेल तर फॉर्म २८ चं ना हरकत पत्र आपल्या आरटीओकडून. रजिस्ट्रेशनची मुदत संपलेली असणार, ती फॉर्म २५ ने वाढवा, तिथे गाडीची तपासणी होते. आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या चारचाकीची रिन्यूअल फी ५००० केलीये, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्यांना आणखी वाढवली, त्यामुळे जायच्या आधी आजची रक्कम बघून जा.

आता छताचं. तुमच्या आरसीवर बॉडी टाइप सलून (पक्क्या छताची गाडी) लिहिलं असणार. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, आरसीतल्या तपशिलाला विरोधी जाईल असा बदल चालत नाही, आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही त्यावर शिक्कामोर्तब केलंय. म्हणजे छत नसलेली गाडी तपासणीला नेलीत तर साहेब म्हणू शकतात की ही गाडी ती गाडी नाही.

ग्रीसकाका
म्हणून तर म्हणतो छत बोल्ट करून टाका! हेराल्डची गंमतच ही आहे. ट्रायम्फने १९५९ ला ही काढली तेव्हा बॉडी तुकड्यातुकड्यांची केली, पुढचा भाग एक, मधला टब, मागचा भाग, आणि वर छत, सगळं बोल्टने जोडलेलं. इंग्लंडात त्याच सांगाड्यावर सलून, कूपे आणि कन्व्हर्टिबल तिन्ही निघायच्या. आणि चॅसिस वेगळी असल्यामुळे छत काढलं तरी गाडी मधे वाकत नाही. मारुती ८०० चं छत कापून बघा, दारं लागायची बंद होतील. त्यामुळे मामांनी काही पाप केलेलं नाही, कापलेलं नाहीये ना? बोल्ट उघडलेत. विंडस्क्रीनच्या फ्रेमवरची आणि मागच्या डेकवरची भोकं शाबूत असतील तर संध्याकाळभराचं काम आहे, चार माणसं लागतात उचलायला आणि बीडिंग (सांध्यातली रबरी पट्टी) नवीन.

मूळरूपप्रेमी
आणि त्या हूडचं काय? मामांनी शिवून घेतला तो पण आता या गाडीचा इतिहास आहे. माझ्या मते छत चढवून विका पण हूड, त्याची फ्रेम, सगळं पेटीत बांधून सोबत द्या. ज्याला उघडी चालवायची तो चालवेल, कागदं त्याच्या गळ्यात.

दुसरं, ५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नवीन नोंदणीला २० हजार, दहा वर्षांची मुदत, आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर राहतो, नव्याने नोंदणाऱ्यांना व्हीए मालिकेचा. पण अट अशी की चॅसिस, बॉडी शेल, इंजिन यात मोठा फेरफार नको. आणि रोजच्या वापराला ती गाडी चालत नाही, रॅली, प्रदर्शन, सर्व्हिस, पेट्रोल भरायला एवढंच. तुमच्या गिऱ्हाईकाला तोच रस्ता हवा असेल तर छत असलेली गाडी लाख पटीने बरी.

इंदुरी_स्टॉर्म
@मूळरूपप्रेमी पण भाव ओपनला जास्त येतो ना राव. फोटोत ओपन हेराल्ड बघितली की लोक वेडे होतात, लग्नाच्या वरातीसाठी सुद्धा विचारतात.

मूळरूपप्रेमी
वरातवाल्याला विकायची असेल तर मग सिरॅमिक पण करा, चाकात निळे दिवे पण लावा. जानेवारी २०२३ ला लक्ष्मीविलास पॅलेसला जो कॉनकोर्स (जुन्या गाड्यांची स्पर्धा) झाला तिथे मी दिवसभर उभा होतो, परीक्षक गाडीच्या खाली टॉर्च घेऊन बघत होते, पॉलिश बघायला कोणी वाकत नव्हतं. तसं गिऱ्हाईक पाहिजे.

कलरवाली_अकोटा
😂 भांडू नका. भाव कागदाला येतो, फोटोला फोन येतात. दोन्ही पाहिजेत.

शिवणकाम_ग्वाल्हेर
मी ग्वाल्हेरहून, नवऱ्याचा सीट-हूडचा धंदा आहे म्हणून मीच लिहिते, त्यांना टायपिंग येत नाही. उसवलेल्या शिवणी असतील आणि रेक्झिन फाटलेलं नसेल तर सीट नवी करू नका, जुन्या भोकांतूनच पुन्हा शिवता येतं, हाताने, मेणाचा दोरा घ्यायचा. तेव्हाच्या रेक्झिनला जो दाणा होता तो आज बाजारात मिळत नाही, जुनी सीट काढली की गेली. धुवायला कोमट पाणी, थोडा अंगाचा साबण, मऊ ब्रश, दोऱ्याच्या दिशेने. डॅशबोर्डवर चकचकीत करायचे स्प्रे येतात ते सीटवर मारू नका, बसलेला माणूस घसरतो आणि फोटोत पण स्वस्त दिसतं. स्पंज आत वाळू होऊन पडत असेल तर वरून कव्हर उचलून फक्त स्पंज बदलता येतो.

मांडीखालच्या पट्ट्या रबराच्या असतील, त्या पुराच्या पाण्याने आणि वयाने मेलेल्या असणार, बघा एकदा.

दांडियाबाजार_७७
सगळ्यांना एकेक करून उत्तर देणं जमत नाहीये म्हणून एकत्र लिहितो. छताचे बोल्ट पाहिले, भोकं शाबूत आहेत, मामांनी कापलेलं नाही. एवढंच काय, काढलेले बोल्ट एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्यावर "हेराल्ड छत" असं आजोबांच्या अक्षरात लिहिलेलं सापडले. आई म्हणे आजोबा तेव्हा महिनाभर मामांशी बोलले नव्हते, आणि बोल्ट मात्र जपून ठेवले!

फेल्ट काढला. खाली गाळाचा थर होता, वास असा की शेजारच्या आजी विचारायला आल्या की मगर मेलीये का आत 😄 (पुराच्या वेळी कॉलनीत खरोखर एक आली होती म्हणून त्यांना तेच सुचलं). फ्लोअर धुतला, उन्हात दारं उघडी ठेवून वाळवला. मावशी, आई, मामा तिघांच्या सह्या घेतल्यात. हूड सोबत द्यायचा हे मान्य.

प्रश्न: पुराचं गिऱ्हाईकाला सांगायचं का? चुलत भाऊ म्हणतो इंजिनात पाणी गेलंच नाही तर कशाला बोलायचं.

ग्रीसकाका
सांगायचं. लेखी. कार्पेटखालचे फोटो देऊन, वेल्डिंगच्या आधीचे आणि नंतरचे. दाराच्या आतल्या बाजूला पाण्याची रेघ दिसतेच, लपत नाही, आणि नंतर फोन करून शिव्या घालणारं गिऱ्हाईक आयुष्यभर मागे राहतं.

आता मेकॅनिकल, जे तुम्ही विचारलं नाहीत पण मला झोप येणार नाही. पुढच्या चाकांचे खालचे ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते सांधे. पितळी असतात, त्यात उभा स्क्रू फिरतो. कोणीतरी कधीतरी त्यात ग्रीस भरलेलं असणार, सगळे गॅरेजवाले भरतात. तिथे ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल जातं. ग्रीस सुकलं की स्क्रू कोरडा फिरतो, आत पाणी गेलेलं असेल तर गंजतो, आणि एक दिवस वळताना चाक घडी होऊन फेंडरला टेकतं. पुरानंतर तर उघडून बघाच. गिऱ्हाईक टेस्ट ड्राइव्हला नेणार आहे ती गाडी.

बॉनेट अख्खा पुढे उघडतो फेंडरसकट, तुम्हाला माहितीच आहे, टायरवर बसून निवांत काम करता येतं. पण इंजिन धुवायला प्रेशर पंप लावू नका. डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, सगळं उघडंच असतं. डिग्रीझर, ब्रश आणि फडकं. ब्रेक ऑइल टॉप अप करताना सांडलं तर लगेच पाणी ओता, तुमच्या नव्याने निघालेल्या लालला ते दोन मिनिटात सालवून काढेल.

आणि बॅटरी बदलताना अर्थिंग बघा, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते. या काळातल्या ब्रिटिश ढाच्याच्या गाड्या बऱ्याचदा पॉझिटिव्ह अर्थिंगच्या असतात, प्लस टोक बॉडीला. पोराने सवयीने काळी वायर बॉडीला लावली की गोंधळ.

पेट्रोल_नाक
ई२० चं (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) कोणी बोललं नाही अजून? जुने रबरी पेट्रोल पाइप आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉलने फुगतो आणि चिरतो. गिऱ्हाईक बघायला आलंय आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास, झाला सौदा. पाइप बदला, व्हिटॉनचा (इथेनॉलला टिकणारं रबर) घ्या, आतून अस्तर असलेला. टाकीत जुनं पेट्रोल असेल तर काढा. गंजाचा चुरा निघाला तर फिल्टर काचेचा लावा म्हणजे गिऱ्हाईकालाही दिसेल.

इंदुरी_स्टॉर्म
क्रोमचं राहिलं. बंपरवर बारीक तांबूस टिपके असतील तर किचनमधली अ‍ॅल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा, जातात. जिथे क्रोम उचललंय, फोड आलेत, तिथे नको, तिथे सोलून निघेल. सगळे तुकडे नव्याने प्लेटिंगला देऊ नका, नव्या क्रोमजवळ जुना रंग म्हातारा दिसतो.

कलरवाली_अकोटा
हे मात्र अगदी खरं. आणि प्लेटिंगवाला पॉलिश करताना कडा गोल करून टाकतो, हॅण्डल परत दारात नीट बसत नाही. मकरपुराला एकाला दिलं होतं आम्ही, महिनाभर पाठी लागलो.

दांडियाबाजार_७७
थोडी प्रगती. चॅसिसचा हात आणि डिकी वेल्ड झाली, काळा रंग मारला, डांबर नाही. ट्रनियन उघडले, ग्रीसकाका तुम्ही ज्योतिषी आहात का, दगडासारखं ग्रीस निघालं. एक बदलावा लागला, दुसरा साफ करून ऑइल भरलं. लाल रंग मशीनने दोनदा घेतला, ड्रायव्हर बाजूच्या फेंडरच्या धारेवर प्रायमर दिसायला लागला तिथे थांबलो, तिथे तसाच मेण लावून ठेवलाय. सिरॅमिक रद्द. छत चढवलं, बीडिंग अहमदाबादहून मागवलं. मागच्या सीटचा स्पंज बदलला, शिवण जुन्या भोकांतूनच.

फोटो काढायचेत. पण आता मागची चाकं विचित्र दिसताहेत, वरून आत आणि खालून बाहेर नाही, उलटच, जणू गाडी पायाच्या चवड्यावर उभी. काही मोडलं का?

ग्रीसकाका
मोडलं नाही हो. जॅकवरून उतरवलीये ना आत्ता? मागे आडवी पाट्याची स्प्रिंग आणि स्विंग अ‍ॅक्सल, उचलली की चाकं आत दुमडतात आणि खाली ठेवली तरी टायर घासून धरून ठेवतो. गल्लीत पुढे-मागे चालवा, खड्ड्यावरून एकदा न्या, बसेल जागेवर. फोटो त्यानंतर.

मूळरूपप्रेमी
फोटो कोरड्या गाडीचे काढा. ओली गाडी म्हणजे काहीतरी लपवताय. सकाळी लवकर, सावलीत. चुंबकाच्या खडूच्या खुणांसकट एक सेट, आणि थंड इंजिनाचा स्टार्ट व्हिडिओ, कट न करता, चोक ओढण्यापासून.

आरसी_वाचा_आधी
आणि जाहिरातीत नंबर प्लेट झाका, चॅसिस नंबर फोटोत नको. सौदा झाल्यावर फॉर्म २९ ची पोच स्वतःकडे ठेवा. विकलेली गाडी नावावरून उतरेपर्यंत चलन मामांनाच येणार.

शिवणकाम_ग्वाल्हेर
अहो हे विचारतायत, मूळ हबकॅप चारही आहेत का? आमच्याकडे एक गिऱ्हाईक शोधतंय, पण गाडीच सगळी घ्यायची म्हणतंय, छतासकट. मेसेज करते.

दांडियाबाजार_७७
चारही आहेत, एकाला पोचा आहे. हूडची फ्रेम पण आहे. त्यांना सांगा आरसी मामांच्या नावावर झाली की लगेच या, आरटीओत पुढच्या आठवड्यातली तारीख मिळालीये. आणि टायर बघून या म्हणावं, चाललेत पण जुनेत, तेरा इंचीला १४५ चे रेडियल बसतात, ते मी बदलत नाही, भावात धरा.